विद्यापीठाची वाट आणि सायकल

एखाद्या विद्यापीठाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे कोनशिला कोणीं बसविली, पहिले कुलगुरु कोण झाले, कोणत्या सालीं कोणता कायदा संमत झाला, यांची जंत्री प्रथम पुढें येते. ती माहिती हवीच. परंतु एक साधा प्रश्न त्या जंत्रींत बहुधा सांपडत नाहीं. विद्यार्थी आपल्या खोलीपासून व्याख्यानाच्या दालनापर्यंत पोंचत कसा होता? जुन्या पाठशाळेपुढें हा प्रश्न नव्हता. गुरूचें घर, देवळाची ओसरी किंवा वाड्याचा सोपा हीच शाळा असे आणि शिष्य हांकेच्या अंतरावर राही. शेंकडों एकरांच्या आवाराचें विद्यापीठ ही आपल्याकडे गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांतील गोष्ट आहे. त्या आवारांत विद्यार्थ्याच्या पायांना ज्या यंत्रानें वेग दिला, तें यंत्र म्हणजे सायकल.

हिंगोलीकडून पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें महत्त्व अधिक स्पष्ट होतें. कयाधूच्या कांठचा हा मुलूख पूर्वीं निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत मोडत असे. हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. या जिल्ह्याच्या हद्दींत विद्यापीठाचें मुख्य आवार कधींच नव्हतें. येथील मुलाला उच्च शिक्षण घ्यावयाचें तर दूरच्या शहरीं जावें लागे: प्रथम हैदराबादेस, १९५८ नंतर औरंगाबादेस आणि १९९४ नंतर नांदेडास. शहरें तीन, पण तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान होती. विद्यापीठ शहराच्या गजबजाटापासून दूर, मोकळ्या माळावर वसविलेलें होतें. आगगाडींतून उतरलेल्या विद्यार्थ्याचा प्रवास स्थानकावर संपत नसे. शेवटचे दोन-तीन मैल शिल्लकच राहत, आणि ते एकदां नव्हे, रोज चालावयाचे असत.

सायकलीची जन्मकथा येथें थोडक्यांत सांगितली पाहिजे. १२ जून १८१७ रोजीं जर्मनींतील मानहाइम शहरीं कार्ल फॉन ड्राइस यानें दोन चाकांची लांकडी गाडी प्रथम रस्त्यावर आणली. तिला पायडल नव्हतें. बसणाऱ्यानें जमिनीला पाय रेटीत ती पुढें न्यावयाची. त्याच वर्षीं, ५ नोव्हेंबरला, पुण्याजवळ गणेशखिंड व खडकी यांच्या परिसरांत मराठ्यांची व इंग्रजांची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट जवळ आला. ज्या बाजूस त्या दिवशीं मराठ्यांचें घोडदळ धांवलें, त्याच बाजूस पुढें पुणें विद्यापीठाचें आवार व्हावयाचें होतें. ड्राइसच्या गाडीला उपयुक्त वाहनाचें रूप येण्यास मात्र जवळजवळ सत्तर वर्षें लागलीं. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ ही सायकल काढली. तिचीं दोन्ही चाकें सारख्या आकाराचीं असून मागच्या चाकाला सांखळीनें गति मिळे. १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें हवा भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतलें. त्यानंतर सायकलीच्या मूळ रचनेंत फारसा फरक झालाच नाहीं. पायडलाचा एक फेरा झाला कीं मागचें चाक सुमारें अडीच वेळां फिरतें. शरीराचें ओझें चाकांवर असल्यामुळें पायांना केवळ गति द्यावयाची राहते. चालण्याच्या श्रमांत माणूस चालण्याच्या तिप्पट वेगानें जातो, तो या दोन साध्या गोष्टींमुळें.

विद्यापीठांच्या गांवीं या वाहनाचा प्रसार झपाट्यानें झाला. इंग्लंडांतील केंब्रिज हें त्याचें ठळक उदाहरण. तेथील जमीन सपाट, गल्ल्या अरुंद आणि महाविद्यालयें विखुरलेलीं. तेथें २१ मे १८९७ रोजीं स्त्रियांना पूर्ण पदवी द्यावी कीं नाहीं, यावर मतदान झालें. विरोधकांनीं सेनेट हाउससमोर एक पुतळा टांगला होता. तो सायकलीवर बसलेल्या स्त्रीचा होता. ठरावाच्या बाजूनें ६६२ आणि विरुद्ध १७१३ मतें पडलीं. केंब्रिजांत स्त्रियांना पदवीचा हक्क मिळण्यास त्यानंतर १९४८ साल उजाडावें लागलें. विरोधकांनीं थट्टेसाठीं नेमकी सायकलच निवडावी, हें अर्थपूर्ण आहे. स्त्री कोणाच्या सोबतीवांचून, कोणाच्या गाडीवांचून, आपल्या बळावर व्याख्यानाला येऊं लागली होती. आणि जी आपण होऊन दारापर्यंत येते, तिला दाराबाहेर ठेवण्यास कांहींतरी कारण द्यावें लागतें.

हें मतदान झालें, तेव्हां रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजांतच गणिताचा अभ्यास करीत होते. पुढें ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच महाविद्यालयांत गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे दिवसभराचें अध्यापन आटोपून हिंगण्याच्या माळावरील आपल्या आश्रमाकडे पायीं जात. पावसाळ्यांत ती वाट चिखलाची असे. स्त्रीशिक्षणाचें एवढें मोठें कार्य ज्यांनीं उभें केलें, त्यांच्या आयुष्यांतील कितीतरी तास त्या वाटेवर गेले. शिक्षणाचा खर्च केवळ फीच्या पावतीवर लिहिलेला नसतो. तो पायांच्या खालींही असतो.

हिंगोलीच्या विद्यार्थ्याला हा खर्च प्रथम हैदराबादेंत मोजावा लागला. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ सालीं झाली. शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. म्हणजे ज्याच्या घरीं मराठी बोलली जाई, त्या मुलाला विद्येच्या दारांत शिरतांनाच एक भाषा ओलांडावी लागे. वर्ग आरंभीं शहरांतील इमारतींत भरत. पुढें शहराबाहेर अडीकमेट येथें हजार एकरांहून अधिक जागा विद्यापीठासाठीं निवडण्यांत आली आणि ४ डिसेंबर १९३९ रोजीं तेथील कला महाविद्यालयाच्या भव्य दगडी इमारतीचें उद्घाटन झालें. बेल्जियमचे वास्तुविशारद अर्नेस्ट जास्पर यांच्या या कृतींत कमानी इस्लामी वळणाच्या आहेत आणि खांबांवर अजिंठा-वेरूळची छाया आहे. मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला त्या परक्या शहरांत हे खांब तेवढे ओळखीचे वाटावे!

हिंगोलीपर्यंत लोहमार्ग १९१२ सालीं आला होता. हिंगोलीचा विद्यार्थी पूर्णेस गाडी बदली, नांदेड व निजामाबाद मागें टाकी आणि काचीगुड्यास उतरे. तेथून अडीकमेटचें आवार सुमारें तीन मैलांवर. वसतिगृहांत जागा मिळाली तर उत्तमच. न मिळाली तर काचीगुड्याच्या आसपास कोठें तरी खोली. आतां हिशेब करून पाहण्यासारखा आहे. जाऊन-येऊन सहा मैल. ताशीं तीन मैलांच्या चालीनें दोन तास. सायकलीवर ताशीं नऊ मैल धरले तर चाळीस मिनिटें. रोज ऐंशीं मिनिटें वांचलीं. वर्षाकांठीं कामाचे दिवस एकशें ऐंशीं धरले तर दोनशें चाळीस तास होतात. एवढ्या वेळांत एका विषयाचीं पाठ्यपुस्तकें दोनदां वाचून व्हावीं. ज्याच्याकडे सायकल होती व ज्याच्याकडे नव्हती, अशा दोन सारख्याच बुद्धीच्या मुलांमध्यें परीक्षेच्या वेळीं हें अंतर पडलेलें असे, आणि निकालाच्या तक्त्यावर त्याचा उल्लेख कोठेंही नसे.

आवाराच्या आंतही अंतरें थोडीं नव्हतीं. कला शाखेची इमारत एकीकडे, प्रयोगशाळा दुसरीकडे, ग्रंथालय तिसरीकडे आणि वसतिगृहें यांहून दूर. असें आवार आंखणाऱ्यांनीं इमारतींमध्यें मोकळी हवा, झाडी आणि शांतता राखली, हें योग्यच केलें. पण दोन व्याख्यानांच्या मध्यें मिळणारीं दहा मिनिटें त्या शांततेंतूनच चालत जावयाचीं असत. सायकलीनें हा विरोध मिटविला. तिला धूर नव्हता, आवाज नव्हता. झाडाखालीं टेकवून ठेवावयास हातभर जागा पुरे. मोठें आवार आणि शांत आवार या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधून देणारें दुसरें वाहन आजतागायत निघालेलें नाहीं.

नवी सायकल ही त्या काळीं गरीब विद्यार्थ्याच्या ऐपतीची वस्तु नव्हती. सायकली विलायतेहून येत. रॅले, हंबर, बी. एस. ए., हर्क्युलीस हीं नांवें घराघरांत ठाऊक होतीं. म्हणून जुनी सायकल घ्यावयाची, तीही न परवडली तर तासाच्या भाड्यानें घ्यावयाची, किंवा दोघांनीं मिळून एक ठेवावयाची. जुन्या पायडलांना नवें रबर, टायरच्या फाटल्या जागीं आंतून जुन्या टायरचा तुकडा, आणि पंक्चर काढण्याची विद्या स्वतःच्या हातीं. यावर एक सायकल कित्येक वर्षें चाले व शिक्षण संपलें कीं धाकट्या भावाकडे जाई. पुण्यासारख्या शहरांत सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्रीं दिवा लागे, आणि डबल सीट बसविलें तर शिपाई अडवी. हे नियम जाचक वाटत. पण नियम होते याचाच अर्थ सायकल हें रस्त्यावरचें मान्य वाहन होतें.

मराठवाड्याच्या मुलाला सायकलीचें शिक्षण गांवींच मिळालेलें असे, आणि तें कठीण असे. हिंगोलीकडची जमीन काळी. मृग बरसला कीं ती माती टायरला चिकटते, मडगार्डच्या आंत गच्च बसते आणि चाक फिरेनासें होतें. मग काडीनें माती उकरावयाची, चार पावलें जावयाचें, पुन्हां उकरावयाची. शेवटीं सायकलच खांद्यावर घ्यावयाची. उन्हाळ्यांत बाभळीचे कांटे. ज्यानें अशा वाटेनें शाळा गांठली, त्याला हैदराबादचे किंवा औरंगाबादचे पक्के रस्ते म्हणजे चैन वाटली असेल, तर नवल नाहीं.

सायकल दारापर्यंत नेते. दार उघडणें तिच्या हातीं नसतें, याचा अनुभव १९३८ सालीं आला. त्या वर्षाच्या अखेरीस निजामाच्या राज्यांत ‘वंदे मातरम्’ गीताच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांनीं सत्याग्रह केला. औरंगाबादचें महाविद्यालय व हैदराबादचीं वसतिगृहें हीं त्याचीं मुख्य केंद्रें होतीं. गीत म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यांत आलें. त्या वेळीं नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु टी. जे. केदार यांनीं या निर्वासित विद्यार्थ्यांना प्रवेश दिला, आणि मराठवाड्यांतील व तेलंगणांतील अनेक तरुणांचें शिक्षण त्यामुळें वांचलें. तीन मैलांचें अंतर सायकलीनें कापतां येतें. तीनशें मैलांवर कोणीतरी दार उघडावें लागतें. दोन्ही गोष्टी जेथें जमल्या, तेथेंच शिक्षण पुरें झालें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें. त्याला पुढें १९९४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्यांत आलें. शहराचें नांवही आतां छत्रपती संभाजीनगर आहे. हिंगोलीच्या मुलाला आतां परक्या भाषेंत शिकण्याची गरज उरली नाहीं. पण आवार पुन्हां मोठेंच: सातशें एकरांहून अधिक, शहराच्या एका टोकास, डोंगराच्या पायथ्याशीं. जवळच बिबी का मकबरा, वर डोंगरांत जुनीं बौद्ध लेणीं. त्याच्या शेजारीं नागसेनवनांत १९५० सालीं डॉ. आंबेडकरांनीं सुरू केलेलें मिलिंद महाविद्यालय होतें. ज्यांच्या घराण्यांत पूर्वीं कोणी शाळेची पायरी चढलें नव्हतें, अशीं शेंकडों मुलें मराठवाड्याच्या खेड्यांतून तेथें आलीं. ‘कमवा आणि शिका’ या योजनेखालीं काम करून शिकणारे विद्यार्थीही पुढें या विद्यापीठांत वाढले. जो सकाळीं बागेंत किंवा कार्यालयांत काम करून मग वर्गांत जातो, त्याला वेळाची किंमत सर्वांत अधिक कळते. त्याच्या दृष्टीनें सायकल ही हौस नव्हती. दिवसांत एक जादा तास मिळविण्याचें तें साधन होतें.

याच सुमारास देशांत सायकलींचे कारखाने वाढले. १९४९ सालीं मद्रासेस टी. आय. सायकल्स, १९५१ सालीं सोनिपत येथें ॲटलस आणि १९५६ सालीं लुधियाना येथें हीरो सायकल्स निघाल्या. विलायती मालाची सद्दी संपली आणि सायकल कारकुनाच्या व शेतकऱ्याच्या आटोक्यांत आली. हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें गांव संत नामदेवांचें. ते पायीं पंजाबांत गेले आणि घुमान येथें त्यांचें स्मरण आजही जागतें. ज्या पंजाबांत हिंगोलीचा संत चालत गेला, त्याच पंजाबांतून पुढें हिंगोलीच्या मुलांसाठीं सायकली येऊं लागल्या!

पुण्याचा उल्लेख वर आलाच आहे. गणेशखिंडींतील गव्हर्नरचें निवासस्थान १८६४ ते १८७१ या काळांत बांधलें गेलें. याच निवासस्थानांतील समारंभाहून परततांना २२ जून १८९७ रोजीं रँड याच्यावर चाफेकर बंधूंनीं गोळी झाडली. १९४९ सालीं त्या ४११ एकरांच्या आवारांत पुणें विद्यापीठ आलें आणि डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु झाले. एका लाटसाहेबाच्या बग्गीसाठीं आंखलेले रस्ते हजारों विद्यार्थ्यांच्या सायकलींना मोकळे झाले, हा स्वराज्याचा एक लहानसा पण डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. पुणें त्या काळीं सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई.

पुढें चित्र पालटलें. स्कूटरी आल्या, मोटरसायकली आल्या, आणि सायकल हें गरिबीचें लक्षण ठरूं लागलें. रस्ते रुंद झाले ते मोटारींसाठीं. सायकलस्वार कडेला, मग कडेच्याही पलीकडे ढकलला गेला. १७ सप्टेंबर १९९४ रोजीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. हिंगोली याच विद्यापीठाच्या कक्षेंत येतें. त्याचें आवारही शहरापासून दूर, गोदावरीच्या पलीकडे विष्णुपुरीस आहे, आणि तेथवरचा रस्ता आतां वाहनांच्या गर्दीचा आहे. १९३९ च्या विद्यार्थ्यापुढें अंतराचाच प्रश्न होता. आजच्या विद्यार्थ्यापुढें अंतराबरोबर धोक्याचाही आहे. पुण्यांत डिसेंबर २०१७ मध्यें विद्यापीठाच्या आवारांत भाड्याच्या सायकलींची नवी योजना सुरू झाली. दूरध्वनियंत्रावरून कुलूप उघडावयाचें, हवें तेथें जावयाचें आणि सायकल ठेवून द्यावयाची. आरंभीं तिचें कौतुक झालें. पण कांहीं वर्षांतच ती ओसरली. यंत्र नवें आलें, तरी त्याला चालावयास वाट व सांभाळावयास माणूस हा जुनाच नियम आहे.

सायकलीचें काम संपलें, असा निष्कर्ष यावरून काढणें मात्र चुकीचें होईल. २००६ सालीं बिहार सरकारनें नववींत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठीं पैसे देण्यास आरंभ केला. पुढें अर्थशास्त्रज्ञांनीं तपासणी केली, तेव्हां माध्यमिक शाळेंत जाणाऱ्या मुलींचें प्रमाण त्यामुळें सुमारें तीस टक्क्यांनीं वाढल्याचें आढळलें; आणि ही वाढ मुख्यतः जेथें शाळा तीन किलोमीटरांहून दूर होती, तेथें दिसली. महाराष्ट्रांतही मानव विकास कार्यक्रमाखालीं मागास तालुक्यांतील मुलींना सायकली देण्यांत आल्या. हिंगोली जिल्ह्याचा त्यांत समावेश आहे. केंब्रिजांत १८९७ सालीं जिची थट्टा म्हणून पुतळी टांगली गेली, तीच आतां कयाधूच्या खोऱ्यांतून पाठीला दप्तर लावून शाळेंत जात आहे.

ती मुलगी उद्यां विद्यापीठांत जाईल. तेथें तिची सायकल कोठें चालेल, कोठें उभी राहील आणि संध्याकाळीं ग्रंथालय बंद झाल्यावर ती निर्धास्तपणें परत कशी येईल, याचा विचार आवार आंखणाऱ्यांनीं आजच केला पाहिजे. इमारतींचे नकाशे करतांना पाण्याची नळी व विजेची तार कोणी विसरत नाहीं. सायकलीची वाट ही त्याच यादींत बसावयाची वस्तु आहे. हिंगोलीच्या तीन पिढ्यांनीं ती वाट आपली आपण शोधून काढली. चौथ्या पिढीला ती तयार मिळावी, एवढें मागणें फार नाहीं.